पेटीवरचा हिरवा स्टिकर

नईम, मनामा
सोमवार, संध्याकाळ

प्रिय मैत्री,

सप्रेम जय भीम.

तुझा आवाजी निरोप कालपासून तीनदा ऐकला. पेटी धडधाकट पोचली, विमानतळावर त्यांनी ती उघडायला लावली, एका अधिकाऱ्याने हौसेने दोन पट्ट्या दाबून पाहिल्या, तुझ्या खोलीच्या खिडकीतून डोंगर दिसतो, सगळं कळलं. बुधवारी सकाळी दहाला व्हायोलिनवाल्या चौघांबरोबर पहिली आणि एकुलती एक तालीम, तीही चाळीस मिनिटांची, आणि शुक्रवारी कार्यक्रम, हेही कळलं. यावर मी तुला फक्त अंगठ्याचं चित्र पाठवलं. तेवढ्यावर भागण्यासारखं नाही. त्या पेटीबद्दल तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती बुधवारच्या आत सांगायला हवी. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. फोनवर तू "जाऊ दे रे दादा" म्हणशील आणि मी फुकटात सुटेन. म्हणून कागदावर लिहितोय. लिहून झालं की फोटो काढून पाठवतो. लांबण लागेल, पण मधेच सोडू नकोस. मी सरळ मुद्द्यावर येणारा माणूस नाही हे तू जाणतेसच, आणि आजचा मुद्दा असा आहे की त्याच्याकडे पाय वळत नाहीत.

इकडचं आधी सांगतो. ऑगस्ट आहे, म्हणजे गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायचा तर रुमाल लागतो. प्रज्योत शुक्रवारी जेवायला आला होता. नवरा म्हणून तो तुझं कौतुक करतो ते ठीक आहे, पण जनाबियापासून नईमपर्यंत गाडी चालवत येऊन माझ्याच ताटावर बसून दोन तास करतो, हे जरा जास्त होतं. "भाईसाब, तिच्या कॉलेजातल्या गाईडबाईंनी लिहिलंय की हिचा कान वेगळाच आहे." मी म्हटलं, आमटी घे अजून. तुझ्या अक्षतावहिनीने माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून पाणी आणायला गेलो. आणि तिथे स्वयंपाकघरात आपली अश्विनी, चौदा वर्षांची पोर, जिला मी मराठीत बोल म्हणून सांगून थकलो, फ्रीजला टेकून म्हणाली, "बाबा, यू आर जस्ट जेलस."

पोरगी खरं बोलली. मैत्री, मी तुझ्यावर जळतो. लिहायला बसल्यावर पहिल्यांदा हाच शब्द कागदावर आला होता. तो कागद फाडून दुसरा घेतला, तरी तोच आला. मग राहू दिला.

हे कधी सुरू झालं तेही मला नेमकं ठाऊक आहे. तुला त्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा नाही. तेव्हा मला ते खेळण्यातलं कॉलेज वाटलं होतं. वर्षातून दोनदा दहा-दहा दिवस तिकडे जायचं आणि उरलेलं वर्ष घरी बसून शिकायचं, शाळेतली नोकरी सांभाळून, ही कसली संगीतरचनेची मास्टर्स डिग्री? पत्रद्वारे टायपिंग शिकवतात तसलंच काहीतरी, असं मी अक्षताला म्हणालो होतो. फेब्रुवारीत तू दुसऱ्यांदा जाऊन आलीस आणि एका शुक्रवारी मी तुझ्याकडे जनाबियाला आलो. महिन्याचं तुझं काम तू गाईडबाईंना पाठवलं होतंस आणि त्यांचं उत्तर आलं होतं. तू हौसेने वाचून दाखवलंस. तुझ्या रचनेतल्या आठ ओळींवर त्या बाईंनी चार पानं लिहिली होती. इथे ही जागा का थांबते, पुढचा सूर इतक्या उशिरा का येतो, त्या वाट पाहण्यात मला काय ऐकू आलं. चार पानं! मी चहाचा कप धरून बसलो होतो आणि मनात हिशेब चालला होता की बावीस वर्षं मी इथल्या मंडळासाठी चाली लावतोय, त्यांवर आजवर कुणी चार ओळी तरी लिहिल्या का? "उज्ज्वलभाऊ, मस्त झालं," आणि बिर्याणीच्या रांगेकडे. एवढंच. त्या दिवशी बुदैयाच्या हायवेने परत येताना मी गाडीत काही लावलं नाही. सिग्नलला मागचा हॉर्न वाजवत होता तेही मला उशिरा कळलं.

मग एप्रिल आला. जयंतीचं नवं गाणं दरवर्षी माझं असतं, हे काही कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण होतं. मार्चमध्ये सुमनबाईंचा फोन आला. त्यांनी हो म्हटल्याशिवाय मंडळात खुर्चीसुद्धा इकडची तिकडे होत नाही. म्हणाल्या, "उज्ज्वल, या साली मैत्रीला सांगावं म्हणते. ती आता शिकून राहिली ना अमेरिकेचं. तू पेटीवर बस तिच्या साथीला." मी म्हटलं, अहो उत्तम, मीच सुचवणार होतो. किती सहज खोटं बोललो बघ. पुढे ती सवय उपयोगी पडली. हॉलमध्ये तुझं गाणं झालं तेव्हा लोक उठून उभे राहिले. मीही पेटीमागे बसून हसत होतो. गाणं चांगलं होतं. वाईट असतं तर मी तुला जवळ घेऊन समजावलं असतं आणि माझ्याइतका प्रेमळ भाऊ त्या हॉलमध्ये सापडला नसता.

आणि अण्णा! वसमतला फोन लावला की आधी विचारायचे, "पेटी कशी हाय?" मग माझी तब्येत. आता विचारतात, "मैत्रीचं कुठवर आलं?" तू एकदा तुझे लिहिलेले कागद कॅमेऱ्यासमोर धरलेस, आठवतं? अण्णा कितीतरी वेळ बघत राहिले. "मुंग्यांची रांग दिसती ही तर," म्हणाले, आणि मग, "पर माझ्या लेकीच्या हातची हाय." पेटी अण्णांनी माझ्या मांडीवर ठेवली होती, तुझ्या नाही. मी सात वर्षांचा होतो. खंडूच्या, म्हणजे अण्णांच्या, गायन पार्टीचा वारस मी, असं वस्तीतली सगळी माणसं म्हणायची. तू घरी आईच्या कुशीत बसून नुसती ऐकायचीस. जिला कुणी शिकवलं नाही ती एवढं शिकली, आणि ज्याला शिकवलं तो इथे सित्रा बेटावरच्या प्लांटात प्रेशर गेज तपासत बसला. यात तुझा काही दोष नाही हे मला कळतं. दोष नसलेल्या माणसावर जळणं जास्त कठीण असतं, कारण ते कुणाला सांगताही येत नाही.

पण सगळ्यात जास्त लागलं ते तुझ्या या रचनेचं. व्हायोलिनची माणसं चार आणि पेटी एक. सुरुवातीला पूर्ण एक मिनिट पेटी एकटी, एकच सूर, नुसता भाता. मग ते चौघं एकेक करून त्याच सुरावर येऊन बसतात. मी ऐकताक्षणी ओळखलं. अण्णा कार्यक्रम असाच सुरू करायचे. चौकात गलका चालू असायचा, पोरं रडायची, कुणी माइकवाल्याला शिव्या घालत असायचा, आणि अण्णा काही न बोलता काळी चार दाबून भाता ओढत राहायचे. एक सूर. माणसं आपोआप गप्प व्हायची. मला वाटायचं ते फक्त मी पाहिलंय, कारण मी शेजारी बसायचो. तू समोरून पाहत होतीस हे माझ्या ध्यानातच नव्हतं. आणि ते घ्यायचं मला बावीस वर्षांत सुचलं नाही, हे आणखी वेगळं.

आता पेटीकडे येतो.

तुझ्या गाईडबाई म्हणाल्या की संगणकातला पेटीचा आवाज नको, खरी पेटी घेऊन ये. तू मला विचारलंस. घरातलं माणूस नेत असताना नाही कसं म्हणायचं? तू म्हणालीस, "दादा, एकदा बघून दे ना, तुझ्याशिवाय कोण बघणार?" मी मागच्या बुधवारी ती प्लांटच्या वर्कशॉपमध्ये नेली. स्वरपट्ट्या झटकल्या, भात्याची एक चीर चिकटवली, बिजागरीला तेल दिलं. आणि मग माझ्या बाकावर कंपनं मोजायचं यंत्र होतंच, म्हणून एकेक सूर मोजला. मैत्री, आपली पेटी चढी आहे. जगात सगळीकडे ज्या सुराला चारशे चाळीस कंपनं धरतात, तिथे आपली पेटी चारशे अठ्ठेचाळीस देते. बेसूर नाही. सगळेच्या सगळे सूर सारख्याच हिशेबाने चढे आहेत, म्हणून ती स्वतःशी एकदम जुळलेली आहे. फक्त बाकीच्या जगाशी नाही.

हे तुझ्या कधी लक्षात येणं शक्य नव्हतं. आपल्याकडे पेटी म्हणेल तो सूर. ढोलकीवाला तिच्याकडे कान लावून ढोलकीची शाई सुरात आणतो, गाणारा तिच्यावर गळा ठेवतो, मंडळाचा कीबोर्डवाला न बोलता मशीनचं बटण फिरवून तिच्याजवळ येतो. पेटीला कुणी विचारलंय का कधी, तू बरोबर आहेस का? आणि तू तर सगळं लिहिलंस लॅपटॉपवर, जनाबियात. पेटी कायम नईमला माझ्या कपाटावर. दोघांची गाठ कधी पडलीच नाही. ती पडणार बुधवारी सकाळी दहाला, त्या चौघांसमोर.

मला हे नव्याने कळलं असंही नाही. मोजायला यंत्र लागलं, पण ती चढी आहे हे मला वीस वर्षांपासून माहीत आहे. माझं पोट ज्या कामावर चालतं ते हेच आहे, कुठला काटा किती खोटं बोलतो ते सांगायचं.

गुरुवारी संध्याकाळी तू पेटी न्यायला आलीस. अक्षताने तुझ्यासाठी मेथीचे ठेपले बांधले होते. तू पेटीवरून हात फिरवलास आणि विचारलंस, अगदी याच शब्दांत, "दादा, ठीक आहे ना? त्या चौघांशी जुळेल ना?" मी तुझ्या डोळ्यांत बघून म्हणालो, "एकदम फर्स्टक्लास. खलास, यल्ला, घेऊन जा." आणि वर मला विनोद सुचला. खिशात प्लांटचे हिरवे स्टिकर होते, गेज तपासून पास केलं की लावतो ते. मी एक काढला. तपासलं, बरोबर आहे. तारीख घातली. खाली माझी सही, उ. खं. पेटीच्या बगलेत चिकटवला. तू केवढी हसलीस. टाळी दिलीस मला.

बावीस वर्षांत खोट्या काट्यावर मी कधी हिरवा स्टिकर लावलेला नाही. मॅनेजर डोक्यावर उभा असताना नाही, शिफ्ट संपत आलेली असताना नाही. पहिला लावला तो तुझ्या पेटीवर.

मला काय हवं होतं, तेही लिहितो, नाहीतर हे पत्र अर्धंच राहील. तुझा सत्यानाश मला नको होता. मला एवढंच हवं होतं की ते एक मिनिट संपावं, पहिलं व्हायोलिन आत यावं, आणि खोलीतल्या सगळ्यांनी चेहरे वाकडे करावेत. पुढची वीस मिनिटं तू स्वतःचीच चूक शोधत बसशील, हे मला पक्कं माहीत होतं. तू पेटीवर संशय घेणार नाहीस, कारण ती अण्णांची आहे. माझ्यावर तर नाहीच. तू तुझे कागद चाळशील, तुला वाटेल आपण लिहिलंच चुकीचं, आपण कुठल्या या लोकांत येऊन बसलो. चाळीसातली वीस मिनिटं अशी जातील, मग कुणीतरी समजूतदारपणे म्हणेल की ही पेटी बाजूला ठेवू, कीबोर्ड घेऊ. मग तू मला फोन करशील, रडशील, आणि मी म्हणेन, अगं होतं असं, पुढच्या वेळी बघू. या शेवटच्या वाक्याची मी गाडीत एकट्याने तालीमही केली होती, मैत्री. कसा भाऊ आहे बघ तुझा.

शुक्रवार, शनिवार मी मजेत होतो. मग काल तुझा निरोप आला. डोंगराचं झालं, विमानतळाचं झालं, आणि शेवटी हसत हसत तू म्हणालीस, "सगळ्यांना तुझा स्टिकर दाखवला. मी सांगितलं, माय ब्रदर हॅज सर्टिफाइड इट. बाई म्हणाल्या, असा भाऊ सगळ्यांना हवा." तेव्हाही मी अंगठाच पाठवला.

पण त्यानंतर घरात बसवेना, म्हणून अण्णांना फोन लावला. का ते मलाही माहीत नव्हतं. कदाचित पेटी चढी असण्याचा दोष त्यांच्यावर टाकता आला तर बघावं. विचारलं, अण्णा, आपली पेटी चढी का आहे? मला वाटायचं तुमचा आवाज उंच म्हणून. अण्णांनी आधी टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाले, "माझा न्हाय. तुझ्या आईचा."

मैत्री, तुला हे माहीत नाही, मलाही काल कळलं. तू दोन वर्षांची होतीस तेव्हा. आई कोरसला उभी राहायची, आणि रंगात आली की तिचा सूर केसभर वर सरकायचा. पार्टीतले लोक कुरकुरायला लागले. ढोलकीवाला म्हणाला, वहिनींना बसवा. अण्णांनी कुणालाच काही उत्तर दिलं नाही, आईलाही काही सांगितलं नाही. पेटी एसटीच्या डेपोत नेली, तिथे ते फिटर होते, आणि बारीक कानस घेऊन दोन दिवस आतली एकेक पितळी स्वरपट्टी घासली. शेंड्याकडून घासली की सूर चढतो. सगळी पेटी तिच्या गळ्याइतकी वर आणून ठेवली. "मग बरुबर लागायला लागला की तिचा सूर," म्हणाले. "ती म्हनायची, आता कसं जमतंय बघा मला. मी म्हनलं, रियाज केलास ना, त्याचं हाय." शेवटपर्यंत तिला सांगितलं नाही. आता सांगायला ती राहिली नाही, म्हणून मला सांगितलं.

मी फोन ठेवला आणि कपाटाकडे बघत बसलो, जिथे पेटी असते तिथे. पेटी चढी आहे हे अण्णांनाही माहीत होतं आणि मलाही. दोघंही गप्प राहिलो. त्यांनी गप्प राहून एका बाईचा सूर खरा केला. मी तुझा खोटा पाडायला निघालो होतो.

आज सकाळी प्लांटात अम्मारला गाठलं. आमचा सुपरवायझर, मुहर्रकच्या एका वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवतो, ते कायम त्याच्या गाडीत असतं. त्याला विचारलं, व्हायोलिन चारशे अठ्ठेचाळीसला चढवता येईल का, तारा तुटणार तर नाहीत? त्याने तिथेच खुंट्या पिळून दाखवलं. "मफी मुश्किल," म्हणजे काही अडचण नाही. "थोडा अप, दस मिनट छोडो, फिर वापस चेक." मग विचारलं, कुणासाठी? मी म्हटलं, आमच्या आईचा सूर तिथे आहे. त्याला यात काही नवल वाटलं नाही. "ओके," म्हणाला, "गानेवाला जिधर, सब उधर."

तेव्हा आता नीट वाच, म्हणजे हे सगळं लिहिलं त्याचा काही उपयोग होईल. पेटीला हात लावू देऊ नकोस. तिकडे कुणी हुशार निघालाच आणि म्हणाला की हिच्या पट्ट्या घासून खाली आणू, तर नाही म्हण. आजच त्या चौघांना गाठ आणि सांग, चारशे अठ्ठेचाळीस. तालमीआधी दहा मिनिटं तारा चढवून ठेवायला सांग, म्हणजे चाळीस मिनिटं पुरी तुझी. ते विचारतील का, तर माझं नाव सांग किंवा नको सांगू, तुझी मर्जी. पण बुधवारी ते एक मिनिट वाजवशील तेव्हा घाई करू नकोस. भाता ओढत राहा. ती काळी चार आईची आहे, आणि त्या चौघांना तिच्यापर्यंत चढून यायचं आहे. उत्तर पाठवायची गरज नाही. रागावली असशील तर तो राग तू परत आल्यावर मी भरपेट घेईन, विमानतळावर मीच येतो. फक्त तो स्टिकर तेवढा बघ. काढू नकोस, खोटा नाहीये तो. माझी सही खोड, आणि तिथे अण्णांची लिही.

तुझाच, तू अजून म्हणू देशील तर,
दादा